गाडीतला 'घूं-घूं' आवाज बंद करायचाय? शीट चिकटवण्याआधी टायर आणि बेअरिंग बघा!

मेहकर / प्रतिनिधी : लोणार तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोयाबीनच्या पैशातून जुनी गाडी घेतली. गाडी दिसायला चकाचक. पण साठच्या पुढे काटा गेला की आतून 'घूं-घूं' सुरू व्हायचं. मागच्या सीटवर बसलेल्या म्हाताऱ्या आईला पुढचं बोलणं ऐकू येईना. ज्याने त्याने सांगितलं, सिमेंट रोडचा आवाज आहे, शीट मारून घे. त्याने शहरात नेऊन दारांना, खाली फ्लोअरला, डिक्कीला शीट मारून घेतल्या. वीस हजारांच्या वर खर्च झाला. आवाज थोडा दबला, पण गेला नाही. दोन महिन्यांनी लग्नावरून परत येताना मागच्या चाकातून जळका वास आला. गाडी ढाब्याजवळ उभी करून बघितली, तर चाकाला हात लावता येत नव्हता इतकं तापलेलं. मेस्त्रीने जॅक लावून चाक हलवलं आणि ते खुळखुळ वाजलं. बेअरिंग संपलेलं होतं. 'घूं-घूं' त्याचंच होतं.

सुदैवाने कुणाला काही झालं नाही. पण वीस हजारांच्या शीटखाली दोन महिने एक धोका दाबून ठेवला गेला. गाडीतला आवाज कमी कसा करायचा, हा प्रश्न आता गावोगावी विचारला जातो. त्याचं उत्तर दुकानातून नव्हे तर चाकापासून सुरू होतं, ते कसं हे समजून घेऊ.

आवाज आताच का वाढला?

गाड्या काही अचानक वाईट झाल्या नाहीत. रस्ते बदलले आणि वेग बदलला. दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्याकडच्या डांबरी रस्त्यावर खड्डे चुकवत चाळीस-पन्नासच्या वर गाडी जात नव्हती. त्या वेगाला इंजिनचा आवाज जास्त असतो, टायरचा कमी. आता तालुक्याला जोडणारे कितीतरी रस्ते सिमेंट काँक्रीटचे झाले. त्यात समृद्धी महामार्ग आला. 11 डिसेंबर 2022 ला नागपूर ते शिर्डी हा 520 किलोमीटरचा टप्पा सुरू झाला आणि 5 जून 2025 ला शेवटचा टप्पा खुला होऊन 701 किलोमीटरचा पूर्ण रस्ता चालू झाला. तिथे कारला ताशी 120 ची मर्यादा आहे. मेहकर किंवा सिंदखेडराजाहून वर चढलं की ज्याची गाडी कधी सत्तरच्या वर गेली नाही, तोही शंभर गाठतो.

साधारण पन्नासच्या पुढे इंजिनचा आवाज मागे पडतो आणि टायर-रस्त्याचा आवाज पुढे येतो. वेग दुप्पट झाला की टायरचा आवाज साधारण 10 डेसिबलने वाढतो, आणि 10 डेसिबल वाढ म्हणजे माणसाच्या कानाला आवाज जवळपास दुप्पट झाल्यासारखा वाटतो. म्हणून जी गाडी गावात शांत वाटते, तीच महामार्गावर गिरणीत बसल्यासारखी वाटते.

सिमेंटचा रस्ता का वाजतो?

सिमेंट रस्ता गुळगुळीत ठेवला तर पावसात गाडी घसरेल. म्हणून काँक्रीट ओलं असतानाच त्यावर आडव्या बारीक ओळी ओढतात. टायर त्या ओळींवरून जाताना प्रत्येक ओळीला बारीक ठोका बसतो. समजा ओळी दोन सेंटीमीटर अंतरावर आहेत आणि गाडी 80 ने चालली आहे. गाडी सेकंदाला सुमारे 22 मीटर जाते, म्हणजे सेकंदाला अकराशे ओळी. हे ठोके वेगवेगळे ऐकू येत नाहीत, त्यांची एक शिट्टी किंवा 'सूंऽऽ' असा आवाज तयार होतो. ओळी सारख्या अंतरावर असल्या की शिट्टी जास्त टोचते.

दुसरा आवाज जोडांचा. काँक्रीट उन्हाने फुगतं, थंडीने आकसतं, म्हणून ठराविक अंतरावर त्याला काप दिलेला असतो. हे अंतर बहुतेक ठिकाणी साडेचार मीटरच्या आसपास असतं. 80 च्या वेगाला सेकंदाला पाच 'टप-टप' बसतात. जोडातला मसाला निघाला किंवा एक पाटी वर-खाली झाली की तोच 'टप' 'धाड' होतो.

डांबरी रस्त्यावर हे दोन्ही नसतात. शिवाय डांबरात बारीक पोकळ्या असतात, त्या थोडा आवाज पितात. पण खडी उघडी पडलेला जुना डांबरी रस्ता आला की 'घर्रर्र' वेगळी सुरू होते.

थोडक्यात, रस्त्याचा आवाज रस्त्याबरोबर बदलतो. पुढची सगळी परीक्षा याच एका गोष्टीवर आहे.

आवाज आत येतो कसा?

दोन वाटा आहेत. पहिली वाट लोखंडातून. चाकाला बसलेला धक्का शॉकअप, बुश, पाटे यांच्यातून बॉडीत जातो आणि पत्रा ढोलासारखा थरथरतो. हा आवाज जाड, घुमणारा असतो, छातीत आणि पायाखाली जाणवतो. दुसरी वाट हवेतून. टायरचा 'सूंऽऽ' आवाज चाकावरच्या पोकळीतून, दाराच्या रबरातून, काचेतून, वायरींच्या भोकांतून आत शिरतो. हा आवाज बारीक असतो.

टायरच्या पोटात कोंडलेली हवाही घुमते. रिकाम्या माठावर थाप मारली की जसा आवाज येतो तसा. म्हणून काही कंपन्या टायरच्या आतल्या बाजूला फोमचा पट्टा चिकटवून विकतात. कॉन्टिनेंटल, पिरेली, मिशेलिन यांच्याकडे असे टायर आहेत, पण ते मुख्यतः महागड्या गाड्यांच्या मापात मिळतात. आपल्या तेरा-चौदा इंची टायरवाल्याने त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

दोन्ही वाटांचा इलाज वेगळा आहे. लोखंडातून येणाऱ्या आवाजाला पत्र्याचा थरकाप थांबवावा लागतो, हवेतून येणाऱ्याला फटी बुजवाव्या लागतात. आणि दोन्हीच्या आधी, आवाज जिथे तयार होतो ते चाक नीट करावं लागतं.

पहिली परीक्षा : आवाज नेमका कशाचा?

यासाठी पैसे लागत नाहीत. एक मोकळा, ओळखीचा रस्ता घ्या, जिथे थोडं अंतर सिमेंट आणि थोडं डांबर आहे. काचा बंद, एसी बंद, टेप बंद. सोबत एक माणूस मागच्या सीटवर बसवा. साठच्या एका वेगाने गाडी चालवा.

सिमेंटवरून डांबरावर आल्यावर आवाज एकदम बदलला किंवा कमी झाला, तर तो टायर-रस्त्याचा आवाज आहे. रस्ता बदलूनही 'घूं-घूं' तशीच राहिली आणि फक्त वेगाबरोबर कमी-जास्त होते, तर बेअरिंगवर संशय घ्या. गिअर बदलल्यावर, एक्सिलेटर सोडल्यावर आवाज बदलत असेल तर तो इंजिन, गिअरबॉक्सकडचा. फक्त वारा सुटला किंवा समोरून ट्रक गेला की 'फुर्रर्र' येत असेल तर दाराचं रबर.

बेअरिंगची आणखी एक खूण आहे. मोकळ्या रस्त्यावर, मागेपुढे वाहन नसताना, गाडी हळूच डावीकडे आणि मग उजवीकडे झुलवा. गाडी डावीकडे वळताना वजन उजव्या चाकांवर जातं. त्या वेळी आवाज वाढला तर उजव्या बाजूचं बेअरिंग बघा. उजवीकडे वळताना वाढला तर डाव्या बाजूचं. हे जोरात करायचं नाही आणि महामार्गावर तर अजिबात नाही.

मग गाडी सपाट जागी उभी करून, बाकीच्या चाकांना दगड लावून, जॅकवर एक चाक उचला. चाकाला वरून आणि खालून धरून आतबाहेर हलवा. खुळखुळ लागली तर बेअरिंग किंवा जोड ढिला आहे. चाक हाताने फिरवा. खरखर जाणवली तर तोच अर्थ. हे काम मेस्त्रीकडून करून घेतलेलं बरं, फक्त जॅकवर उभ्या गाडीखाली कुणी शिरू नये.

खराब बेअरिंग तसंच चालवलं तर ते तापतं, ग्रीस जळतं, आणि शेवटी चाक जाम होतं किंवा ढिलं पडतं. शंभरच्या वेगाला हे झालं तर पुढे काय, हे सांगायची गरज नाही. नव्या गाड्यांत एबीएसचा सेन्सर तिथेच असतो, त्यामुळे कधीकधी डॅशबोर्डवर एबीएसचा दिवाही लागतो. तो दिवा दुर्लक्षित करू नका.

टायर नवे दिसतात, तरी का वाजतात?

बेअरिंग ठीक निघालं तर पुढचा आरोपी टायर. त्याच्या तपासणीचे चार मुद्दे.

पहिला, झीज. गाडी उभी असताना टायरच्या नक्षीवरून तळहात पुढे आणि मग मागे फिरवा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं लागलं, तर टायर वाकडा झिजलाय. बहुतेक वेळा अलाइनमेंट बिघडलेली असते. नक्षीत जागोजागी वाटीसारखे खळगे पडले असतील तर शॉकअप गेलेत किंवा बॅलन्सिंग नाही. हात फिरवताना सांभाळून, झिजलेल्या टायरची तार बाहेर आली असेल तर हात कापतो. आणि तार दिसली तर तो टायर आवाजाचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

हे खळगे बहुतेक पुढच्या इंजिनाच्या गाड्यांत मागच्या टायरला पडतात, कारण मागच्या चाकावर वजन कमी आणि ते नुसतं ओढलं जातं. म्हणून मागून 'घूं-घूं' येत असेल तर एक सोपी युक्ती करा. मागची चाकं पुढे आणि पुढची मागे घाला. आवाज पुढे सरकला तर टायरचा, जागेवरच राहिला तर बेअरिंगचा. पंक्चरवाल्याकडे अर्ध्या तासाचं काम आहे. टायरच्या बाजूला बाण छापलेला असेल तर तो टायर डाव्या-उजव्या बाजूला अदलाबदल करू नये.

चाकांची अशी अदलाबदल दर आठ-दहा हजार किलोमीटरला केली तर झीज सारखी होते आणि खळगे पडायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे हे कुणी करत नाही, स्टेपनी तर कित्येकांची पाच-पाच वर्षं खाली उतरत नाही.

दुसरा, वय. टायरच्या बाजूला 'डीओटी'ने सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालचा तेविसावा आठवडा. रबर उन्हाने आणि वर्षांनी कडक होतं. कडक रबर रस्त्यावर आपटतं, मऊ रबर दबतं. म्हणून नक्षी भरपूर असूनही जुना टायर जास्त वाजतो, आणि ओल्या रस्त्यावर पकडही कमी देतो. जुनी गाडी घेताना लोक इंजिन ऐकतात, सीटचं कव्हर बघतात, पण हे चार आकडे वाचत नाहीत. पाच वर्षांच्या पुढचा टायर दरवर्षी जाणकाराला दाखवावा. बाजूला तडे गेले असतील तर नक्षी कितीही असो, बदलावा.

नक्षीची कायद्याने किमान खोली 1.6 मिलिमीटर आहे. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला. तो गोटा टायर घेऊन समृद्धीवर चढणं म्हणजे यमाला हात दाखवणं.

तिसरा, हवा. कंपनीने दिलेला आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर चिकटवलेला असतो. पंक्चरवाला 'पस्तीस भरतो' म्हणाला म्हणून भरायची नाही. हवा जास्त झाली की टायर दगडासारखा होतो, प्रत्येक जोडाचा धक्का आत येतो. कमी झाली तर कडा झिजतात, टायर तापतो आणि फुटायची भीती वाढते. आवाज कमी व्हावा म्हणून हवा कमी करणं हा सगळ्यात घातक उपाय आहे. हवा सकाळी, टायर थंड असताना तपासावी. पोती भरली, सहा माणसं बसली तर स्टिकरवर भरलेल्या गाडीसाठी वेगळा आकडा असतो, तो पाळावा. नायट्रोजन भरल्याने आवाज कमी होतो असं सांगितलं जातं. साध्या हवेतही 78 टक्के नायट्रोजनच असतो, आवाजात फरक पडत नाही.

चौथा, माप आणि नक्षी. हौसेने रुंद टायर घातले की रस्त्याला टेकणारं रबर वाढतं आणि आवाजही. थार, बोलेरोला चिखलाचे मोठ्या गुंड्यांचे टायर घातले तर शेतात मजा, पण सिमेंटवर ट्रॅक्टर चालल्यासारखा आवाज येणारच. त्याला कोणतीही शीट पुरत नाही. ज्याची गाडी वर्षातून दहा वेळा चिखलात आणि तीनशे दिवस सडकेवर असते, त्याने सडकेचेच टायर घ्यावेत. नवे टायर घेताना दुकानदाराला सरळ विचारा, यात कमी आवाजाचा कोणता? कडक, भरपूर किलोमीटर चालणारा आणि मऊ, शांत चालणारा असे प्रकार असतात. दोन्ही गुण एका टायरमध्ये पुरेपूर मिळत नाहीत. माप मात्र कंपनीचंच ठेवावं.

गावाकडच्या गाडीची वेगळी दुखणी

शहरातल्या मेस्त्रीला जे सुचत नाही, ते आपल्या गाड्यांना हमखास होतं.

काळी माती : पावसाळ्यात शेतरस्त्याची चिकट माती रिमच्या आतल्या बाजूला बसते आणि वाळते. पाव-अर्धा किलो माती एका बाजूला चिकटली की बॅलन्सिंग गेलं. ऐंशीला स्टेअरिंग थरथरतं आणि आवाज येतो. लोक अलाइनमेंटला पळतात. आधी वॉशिंग सेंटरवर रिमच्या आतून पाण्याचा फवारा मारून बघा.

खडी : नक्षीत अडकलेला खडा 'टक-टक-टक' वाजतो. स्क्रू-ड्रायव्हरने काढा. काढताना 'फुस्स' आवाज आला तर तो खडा नाही, खिळा किंवा बाभळीचा काटा आहे. तिथेच थांबा आणि पंक्चरवाल्याला गाठा.

मडगार्डच्या आतलं प्लॅस्टिक : चाकावरच्या पोकळीत काळं प्लॅस्टिकचं अस्तर असतं. दगड-धोंड्यात, चाकोरीत ते फाटतं, क्लिपा पडतात, मग कुणीतरी काढूनच फेकतो. ते गेलं की चाकाचा आवाज आणि उडणारी खडी थेट पत्र्यावर. हे अस्तर परत बसवणं शीटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतं.

उंदीर : गोठ्याजवळ, धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी असते. उंदीर इंजिन आणि केबिन यांच्या मधलं कापडी अस्तर कुरतडतात, वायरींच्या भोकातली रबरी टोपणं खातात. त्या भोकांतून आवाजही येतो आणि धूळही. बोनेट उघडून बॅटरीचा उजेड टाकून बघा.

दाराचं रबर : पाच-सात वर्षांत धूळ बसून ते कडक होतं. दारात कागदाची पट्टी ठेवून दार लावा आणि पट्टी ओढा. सहज निघून आली तर तिथे रबर बसत नाही. चारही बाजूंनी असं तपासा. रबर ओल्या फडक्याने पुसून त्यावर सिलिकॉन स्प्रे मारला तर ते थोडं मऊ राहतं. फाटलं असेल तर बदला.

डिक्की : जॅक, पाना, टामी, कीटकनाशकाचा रिकामा डबा, हे सगळं स्टेपनीच्या खड्ड्यात नाचत असतं. निम्म्या गाड्यांचा मागचा खडखडाट तिथेच थांबतो. फडक्यात गुंडाळून घट्ट ठेवा.

मग शीट मारायची की नाही?

वरचं सगळं झाल्यावरही आवाज सतावत असेल, तर शीटचा विचार करा. पण कोणती शीट काय करते ते समजून.

बाजारात जी चंदेरी, चिकट, जड शीट मिळते ती ब्युटाइल रबरची, वर ॲल्युमिनियमचा पापुद्रा. ती आवाज अडवत नाही, पत्र्याचा थरकाप मारते. पत्र्यावर टिचकी मारा, 'ठण' वाजतं. शीट लावून मारा, 'ठप' वाजतं. एवढंच तिचं काम. म्हणून प्रत्येक इंच झाकायची गरज नसते. मोठ्या मोकळ्या पत्र्याच्या मधल्या भागात, साधारण पाव ते चाळीस टक्के जागेवर लावली तरी बहुतेक फायदा मिळतो. दुकानदार 'फुल पॅक' सांगतो तेव्हा हे लक्षात ठेवा. दोन मिलिमीटरच्या शीटचं वजन चौरस मीटरला साधारण तीन किलो भरतं, म्हणजे अख्खी गाडी झाकली की वजनही वाढतं.

हवेतून येणाऱ्या बारीक आवाजाला ही शीट फार उपयोगी नाही. त्यासाठी तिच्यावर बंद छिद्रांचा फोम आणि जड विनाइलचा थर लागतो. आणि तोही फटी न ठेवता.

स्वस्तात डांबरी शीट मिळते. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 43-44 वर जातो, बंद गाडीतला पत्रा त्याहून कितीतरी तापतो. डांबरी शीट मऊ होते, वास मारते, दारातून सुटून काचेच्या यंत्रणेत पडते. गोणपाट, गादीचा फोम, थर्माकोल हे तर करूच नका. गोणपाट आणि फोम पावसाळ्यात पाणी धरतात, खालून फ्लोअर गंजतो, वास येतो. थर्माकोल आणि फोम आग लवकर पकडतात.

क्रम असा ठेवा : आधी चाकांवरचा भाग, मग फ्लोअर, मग डिक्कीचा खड्डा, मग दारं. छत शेवटी. टायरच्या आवाजाला छताचा फारसा संबंध नाही, तिथे शीट मारली तर पावसाचा 'तडतड' कमी होतो.

काम करून घेताना तीन गोष्टी सांगा. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोकं असतात, ती बुजवायची नाहीत. बुजली तर दार आतून सडतं. सीटखालच्या आणि दारातल्या पिवळ्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावायचा नाही, सीट काढायची असेल तर बॅटरी सोडून काम करायचं. आणि वॉरंटी चालू असेल तर आधी शोरूमला विचारायचं.

खालून मारतात त्या काळ्या कोटिंगने गंज थांबतो, खडीचा 'तडतड' कमी होतो, पण 'घूं-घूं' फारशी जात नाही. कोटिंग सायलेन्सर, ब्रेक, शाफ्ट यांवर पडता कामा नये. आणि एकावर एक मॅट टाकून आवाज दाबायचा असेल तर ड्रायव्हरची जागा सोडून. सरकलेलं मॅट ब्रेकच्या पायाखाली अडकलं तर आवाज कायमचाच बंद होईल.

किती फरक पडतो? मोजून बघा

जाहिरातीत 'निम्मा आवाज गायब' लिहिलेलं असतं. आवाज मोजायचं माप सरळ नाही. 3 डेसिबल कमी झाले तर आवाजाची ऊर्जा निम्मी होते, पण कानाला तो निम्मा वाटत नाही, थोडासा कमी वाटतो. कानाला निम्मा वाटायला 10 डेसिबल लागतात. चांगल्या शीटकामाने साधारण दोन-चार डेसिबलच उतरतात. तेवढ्यानेही लांबच्या प्रवासात डोकं कमी जड होतं, पण वीस-तीस हजार मोजताना अपेक्षा तेवढीच ठेवावी.

मोबाइलवर आवाज मोजायची ॲप फुकट मिळतात. त्यांचा आकडा तंतोतंत नसतो, पण एकाच मोबाइलने आधी-नंतरचा फरक कळतो. तोच रस्ता, तोच वेग, काचा बंद, एसी बंद, मोबाइल त्याच जागी. मोबाइल सोबतच्या माणसाने धरावा, ड्रायव्हरने नाही. प्रत्येक दुरुस्तीनंतर आकडा वहीत लिहा. कोणत्या कामाने किती उतरलं ते डोळ्यासमोर येतं, मग पुढच्या कामावर खर्च करायचा की नाही हे ठरवता येतं.

आणि एक बिनपैशाचा उपाय आहे. 100 ऐवजी 80 ने चाललात तर टायरचा आवाज साधारण 3 डेसिबलने उतरतो. म्हणजे शीटने जेवढं मिळतं जवळपास तेवढंच. मेहकर ते सिंदखेडराजा एवढ्या अंतरात वेळ जातो तो काही मिनिटांचा. डिझेलही वाचतं.

खर्च कोणत्या क्रमाने करावा

1. रिम धुणे, खडे काढणे, डिक्की बांधणे, हवा तपासणे : घरच्या घरी.
2. रस्ता बदलून आणि झुलवून आवाजाची परीक्षा, जॅकवर बेअरिंग तपासणी : मेस्त्रीची मजुरी.
3. चाकांची अदलाबदल, बॅलन्सिंग, अलाइनमेंट : काही शेकड्यांचं काम.
4. शॉकअप, बुश, मडगार्डचं अस्तर, दाराचं रबर : जे खराब निघेल तेच.
5. टायर वयाने किंवा झिजेने संपले असतील तर नवे, कमी आवाजाचे.
6. एवढं झाल्यावर शीट, तीही आधी चाकांवर आणि फ्लोअरला.

बरेच जण सहाव्या पायरीपासून सुरुवात करतात आणि तिथेच पैसे संपतात.

गाडी बहिरी करू नका

गाडीतला आवाज नुसता त्रास नाही, तो निरोपही असतो. टायरला फुगा आला की आधी 'थप-थप' येते. बेअरिंग जाण्याआधी 'घूं-घूं' येते. ब्रेकचं लायनर संपलं की किरकिर येते. मागून रुग्णवाहिका येते, वळणावर उसाची ट्रॉली हॉर्न देते. हे सगळं ऐकू यायला हवं. त्यामुळे आवाज मोठा झाला की टेपचा आवाज वाढवणं किंवा कानात इयरफोन घालून गाडी चालवणं हा उपाय नाही.

विशेषतः जो आवाज नवा आहे, कालपर्यंत नव्हता आणि आज आहे, तो कधीही झाकू नये. आधी कारण शोधावं. 'थप-थप' वाढत चालली, वास आला, स्टेअरिंग एका बाजूला ओढायला लागलं, तर गाडी हळूहळू कडेला घ्यावी, इंडिकेटर लावावेत, आणि महामार्गावर असाल तर माणसांनी गाडीत न बसता कठड्यापलीकडे उभं राहावं.

लोणार तालुक्यातल्या त्या शेतकऱ्याने शेवटी मागची दोन्ही बेअरिंग बदलली. टायरचे चार आकडे वाचले तर ते आठ वर्षांचे निघाले, तेही बदलले. आता गाडी बऱ्यापैकी शांत आहे. सिमेंटवर 'सूंऽऽ' येतं, ते रस्त्याचं आहे, ते राहणारच. पण मागच्या सीटवरून आई पुन्हा बोलायला लागली आहे आणि ती म्हणते ते पुढे ऐकू येतं, यात सावकाश चालव हेच जास्त असतं.